हिशेब विचारायचा, पण कुणाला आणि कसा?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका मुंबईत मालिका आणि चित्रपटांमध्ये चरित्र भूमिका करतात. कलाकारांच्या एका नोंदणीकृत कामगार संघटनेच्या त्या जुन्या सभासद आहेत. संघटनेच्या २०२४-२५ च्या अहवालात ‘सभा, कार्यक्रम व संकीर्ण’ हा खर्च ११ लाखांवरून ३४ लाखांवर गेलेला दिसतो. सभासदांना दिलेली वैद्यकीय मदत १६ लाखांवरून ९ लाखांवर आली आहे. कार्यालयाच्या नूतनीकरणावर २२ लाख आणि दोन पदाधिकाऱ्यांच्या परदेश दौऱ्यावर ६ लाख खर्च झाले आहेत. हिशेब तपासणारे सीए खजिनदारांचे साडू आहेत, अशी कुजबुज आहे. वार्षिक सभेत त्यांनी प्रश्न विचारला, तेव्हा ‘ऑडिट झालेलं आहे, पुढचा विषय घ्या’ एवढंच उत्तर मिळालं. दुसरीकडे, एका निर्मात्याने थकवलेले त्यांचे १ लाख ८० हजार रुपये याच संघटनेच्या सरचिटणिसांनी वसूल करून दिले होते. त्यामुळे हिशेब मागणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटतं, आणि कामं बंद होतील ही धास्ती वेगळीच. त्या विचारतात: सगळं व्हिडिओ करून जाहीर करू, राजीनामा देऊ, की गप्प बसू?

ताई, नमस्कार.

तुम्ही सुचवलेल्या तिन्ही वाटा मला पटत नाहीत, कारण तिन्हींमध्ये तुमच्या हाती कागद येत नाही. व्हिडिओ केलात तर तुमच्याकडे फक्त दोन पानी अहवाल आणि साडूंबद्दलची कुजबुज असेल. राजीनामा दिलात तर कागद बघण्याचा हक्कच जाईल, कारण तो सभासदाचा असतो. आणि गप्प बसलात तर पुढच्या वर्षीचा अहवाल एका पानाचा येईल. चौथी वाट आहे. ती संथ आणि कंटाळवाणी आहे, पण संघटना न मोडता हिशेब मिळवायचा तर तिच्याशिवाय इलाज नाही.

आधी कृतघ्नपणाचं बोलू. तुमचे थकलेले पैसे सरचिटणिसांनी मिळवून दिले, हे मोलाचं काम आहे. पण ते त्यांच्या पदाचं काम होतं. त्यामागे संघटनेचं कार्यालय, लेटरहेड, निर्मात्यांच्या संस्थांशी असलेले करार आणि हजारो सभासदांची वर्गणी उभी होती. माणूस वसुलीत चोख आणि हिशेबात ढिला असू शकतो. किंवा दोन्हींत चोख असून अहवाल लिहिण्यात आळशी असू शकतो. तुमचा प्रश्न त्यांच्या सचोटीबद्दल ठेवूच नका, खर्चाबद्दल ठेवा. मग उपकाराची अडचण आपोआप सुटते.

दुसरं गृहीतक जरा तपासून बघू या. ‘खर्च वाढला म्हणजे कुणीतरी पैसे खाल्ले’ असं पत्रात थेट लिहिलेलं नाही, पण ओळींमधून ते जाणवतं. खर्चाच्या तक्रारी तीन जातीच्या असतात. पहिली उधळपट्टी: पैसे रीतसर मंजुरीने, पण नको तिथे खर्च झाले. यावर उपाय सभेत मतदान आणि पुढची निवडणूक. दुसरी बेशिस्त: ठराव नाही, तीन कोटेशन नाहीत, उचल घेतली पण हिशेब दिला नाही. यावर उपाय नियमावली आणि निबंधक, म्हणजे संघटनांची नोंदणी करणारे सरकारी अधिकारी. तिसरी अपहार: खोटी बिलं, न झालेलं काम, स्वतःच्याच माणसाच्या फर्मला पैसे. तिथे फौजदारी कायदा येतो. बहुतेक भांडणं बिघडतात ती इथे. उधळपट्टी दिसली की लोक थेट ‘चोर’ म्हणतात, आरोप सिद्ध होत नाही, आणि मग खरी बेशिस्तही झाकली जाते.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. ३४ लाखांचं शीर्षक बघूनच शंका यावी, कारण ‘संकीर्ण’ला एवढ्या मोठ्या रकमेच्या शेजारी जागा असायला नको. पण आधी जमेची बाजू बघा. त्या वर्षी वर्धापनदिन किंवा पुरस्कार सोहळा झाला असेल आणि प्रायोजकांकडून २०-२५ लाख आले असतील, तर ते जमेला वेगळे दिसतील आणि खर्च मात्र पूर्ण ढोबळ दिसेल. तसं असेल तर वर्गणीतून गेलेली रक्कम बरीच कमी निघेल. जमेला असं काहीच नसेल, तर तुमचा प्रश्न दुप्पट वजनाचा होतो.

वैद्यकीय मदतीची गोष्टही अशीच. ती कमी होण्याची तीन कारणं असू शकतात: अर्ज कमी आले, अर्ज नाकारले गेले, किंवा संघटनेने सामूहिक विमा काढला आणि त्याचा हप्ता दुसऱ्या शीर्षकाखाली गेला. म्हणून रक्कम विचारण्याआधी हे विचारा: किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि कोणत्या निकषावर? नावं मागू नका. कुणाला कोणता आजार आहे हे तुम्हाला कळण्याचं कारण नाही, आणि तशी मागणी केलीत तर तुमचा सगळा अर्ज फेटाळायला त्यांना सोयीचं कारण मिळेल.

नूतनीकरणाच्या २२ लाखांत पहिला प्रश्न जागेच्या मालकीचा. जागा संघटनेची असेल तर त्यातला मोठा भाग ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला वाढ म्हणून दिसायला हवा. भाड्याची असेल तर भाडेकरार किती वर्षांचा उरला आहे ते बघा. दीड वर्ष उरलेल्या जागेत २२ लाखांचं फर्निचर करणं हा खरा चर्चेचा विषय आहे. परदेश दौऱ्याबाबत मात्र मन मोकळं ठेवा. अभिनेत्यांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५२ पासून काम करतो आहे. अशा ठिकाणी प्रतिनिधी पाठवण्याने करार, मानधन, पुनःप्रसारणाचे हक्क यांबद्दल शिकायला मिळतं. विचारायचं ते एवढंच: निमंत्रणपत्र कुठे आहे, राहण्याचा खर्च यजमानांनी उचलला का, कार्यकारिणीचा ठराव कधीचा, आणि परतल्यावर लेखी अहवाल दिला का?

आता ते ‘ऑडिट झालेलं आहे’. लेखापरीक्षक मुख्यतः हे बघतात की नोंदी आणि कागद जुळतात का, आणि हिशेब एकूणात खरं चित्र दाखवतात का. कार्यक्रमाला ३४ लाख खर्च करणं शहाणपणाचं होतं का, हे ठरवणं त्यांचं काम नाही. म्हणून ते वाक्य तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. पण ऑडिटचा अहवाल पूर्ण मागा. सभेत वाटतात तो सारांश पुरेसा नाही. त्यात लेखापरीक्षकांनी काही शेरे, आक्षेप किंवा ‘अमुक बाबतीत कागदपत्रं उपलब्ध झाली नाहीत’ असं लिहिलं असेल, तर सारांशात नेमकं तेच गळालेलं असतं. आणखी एक गोष्ट पाच मिनिटांत तपासता येते. १ जुलै २०१९ पासून सीएंच्या प्रत्येक लेखापरीक्षण अहवालावर १८ अंकी ‘यूडीआयएन’, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असावा लागतो, आणि तो सीए संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो. क्रमांकच नसेल, किंवा पडताळल्यावर दुसऱ्याच कागदाचा निघाला, तर ती गंभीर बाब आहे.

साडूंबद्दलची चर्चा तुम्ही स्वतः पसरवू नका. नातं हा गुन्हा नाही, पण ते जाहीर न करणं ही उणीव आहे. नियमावलीत लेखापरीक्षक कोण नेमतं ते बघा. नेमणूक सर्वसाधारण सभेची असेल, तर पुढच्या सभेत दुसरं नाव सुचवा आणि ‘पदाधिकाऱ्यांशी नातं नसलेला लेखापरीक्षक’ अशी अट ठरावात घाला. कुणाचं नाव न घेता काम होतं.

कायदा काय म्हणतो? तुमच्या अहवालाचं वर्ष कामगार संघटना अधिनियम, १९२६ खाली येतं. त्या कायद्याच्या कलम ६ नुसार नियमावलीत निधीची सुरक्षितता, वार्षिक लेखापरीक्षण आणि सभासदांना हिशेबाची पुस्तकं बघण्याची पुरेशी सोय या तरतुदी असाव्याच लागतात. त्याशिवाय नोंदणीच होत नाही. कलम २० सरळ सांगतं की हिशेबाची पुस्तकं आणि सभासदांची यादी, नियमावलीत दिलेल्या वेळी, सभासदाला बघता येईल. कलम १५ मध्ये सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येतो याची यादी आहे: प्रशासन, लेखापरीक्षण, न्यायालयीन कामं, कामगार-वाद, आजारपण-म्हातारपण-बेकारीतली मदत, विमा, सभासदांसाठी शैक्षणिक व सामाजिक लाभ वगैरे. संपूर्ण कामगारवर्गाच्या हिताच्या कामाला देणगी द्यायची तर तिलाही मर्यादा आहे: वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक आणि तोवरचं उत्पन्न मिळून जी बेरीज होते तिच्या एक चतुर्थांशापर्यंत. तुमच्या नियमावलीत ही यादी जवळजवळ शब्दशः सापडेल. पुरस्कार सोहळा त्यातल्या कोणत्या कलमात बसवला, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२६ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. जुनी वैध नोंदणी असलेली संघटना नव्या संहितेखाली नोंदलेली मानली जाते, आणि पुस्तकं बघण्याचा सभासदाचा हक्क तिथेही आहे. तेव्हा ‘कायदाच बदलला, आता तसा हक्क राहिला नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

हा हक्क सहजासहजी आलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणलं, तेव्हा त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनकडे सभासदांची नोंदवही, निधी किंवा नियम यांपैकी काहीच नव्हतं. पुढे १९२१ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव मांडला, आणि त्या वाटेने १९२६ चा कायदा झाला. कायद्याने संघटनेला संपाच्या बाबतीत संरक्षण दिलं आणि बदल्यात सभासदांसमोर उघडी पुस्तकं मागितली. हिशेब मागणारा सभासद संघटनेचा शत्रू नाही, तो या देवाणघेवाणीतलाच एक पक्ष आहे.

प्रत्यक्ष काय करायचं? सुरुवात स्वतःच्या पावतीपासून. वर्गणी थकलेली असेल तर आजच भरा आणि पावती जपून ठेवा. थकबाकीदार सभासदाचे हक्क बऱ्याच नियमावल्यांत स्थगित असतात, आणि अर्ज बाजूला सारायला ते सगळ्यांत सोपं कारण असतं. मग नियमावलीची छापील प्रत मागा. त्यात चार गोष्टींवर खूण करा: पुस्तकं बघण्याची वेळ आणि पद्धत, किती रकमेपर्यंत कोण खर्च मंजूर करू शकतं, विशेष सभा बोलावण्यासाठी किती सह्या लागतात, आणि शिस्तभंगाची कारवाई कशी होते. चौथी खूण तुमच्या संरक्षणासाठी आहे.

अर्ज एका पानाचा असू द्या. त्यात ‘भ्रष्टाचार’, ‘घोटाळा’, ‘संगनमत’ हे शब्द नकोत. मजकूर साधारण असा: ‘मी संघटनेची सभासद (क्रमांक अमुक) असून माझी वर्गणी भरलेली आहे. नियम क्रमांक अमुक आणि कामगार संघटना अधिनियम, १९२६ चे कलम २० यांनुसार १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील पुढील नोंदी पाहण्यासाठी कार्यालयीन वेळेत तारीख कळवावी: (अ) सभा, कार्यक्रम व संकीर्ण या खात्याची खतावणी व २५ हजार रुपयांवरील व्हाउचर, (आ) कार्यालय नूतनीकरणाची कोटेशन, कार्यादेश व बिले, (इ) पदाधिकाऱ्यांना दिलेल्या उचलीची नोंदवही, (ई) या खर्चांना मंजुरी देणारे कार्यकारिणीचे ठराव, (उ) मुदत ठेवींची नोंदवही. माझ्यासोबत एक सभासद येतील.’ अर्ज सरचिटणिसांच्या नावे लिहा आणि प्रत खजिनदारांना द्या. तो कार्यालयात नेऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तोंडी मागणीची कुठेच नोंद राहत नाही, हे तुम्ही सभेत अनुभवलंच आहे.

‘सगळे हिशेब दाखवा’ असं कधीही लिहू नका. मोघम मागणीला मोघम उत्तर मिळतं, किंवा समोर दहा खोकी येतात आणि हाती दोन तास उरतात.

बघायला जाताना दोघींनीच जा. आठ-दहा जण गेले की ‘कार्यालयात गोंधळ घातला’ अशी तक्रार तयार होते आणि हिशेब मागे पडतो. एकीने वाचायचं, दुसरीने लिहायचं. वहीत रकाने आखून न्या: तारीख, व्हाउचर क्रमांक, कुणाला, किती, रोख की बँकेतून, सही कुणाची, ठराव कोणता. कायद्यातला हक्क पाहण्याचा आहे, फोटो किंवा झेरॉक्स मिळेलच असं नाही. विचारा, नाही म्हणाले तर हाताने उतरवून घ्या. मोबाइल लपवून चित्रीकरण अजिबात नको.

व्हाउचरमध्ये काय शोधायचं? मंजुरीची मर्यादा ५० हजार असेल आणि एकाच दिवशी, एकाच माणसाला ४८-४९ हजारांची चार व्हाउचर असतील, तर खर्च तोडून दाखवला आहे. महिन्यामहिन्याच्या अंतराने दिलेल्या बिलांचे क्रमांक लागोपाठ असतील, तर त्या पुरवठादाराला वर्षभरात दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं असा अर्थ होतो, त्याबद्दल विचारा. भोजनाच्या बिलासोबत उपस्थितांची संख्या नसणं, उचल घेऊन सहा महिने हिशेब न देणं, रोखीने मोठी रक्कम देणं, या सगळ्या बेशिस्तीच्या खुणा आहेत. बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की फर्मचं नाव दिसतं. मात्र क्रमांक नसला म्हणजे बिल खोटं, असं समजू नका. सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. मंडपवाला, चहावाला, मेकअप दादा बहुधा त्यातच मोडतात.

गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि या वर्षीची सुरुवातीची शिल्लक जुळते का, हे न विसरता बघा. साधी गोष्ट आहे, पण मोठ्या गफलती इथेच उघड होतात. मुदत ठेवी मोडल्या असतील तर कधी, आणि कोणत्या ठरावाने?

महिना-दीड महिना उत्तरच आले नाही तर? मग एका स्मरणपत्रानंतर कामगार संघटनांच्या निबंधकांकडे जा. महाराष्ट्रात हे काम कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. प्रत्येक संघटनेला दरवर्षी लेखापरीक्षित विवरणपत्र निबंधकांना द्यावं लागतं. ते माहितीच्या अधिकारात मागता येतं: अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. म्हणून फक्त एवढं मागा: २०२२, २०२३, २०२४ ची वार्षिक विवरणपत्रं आणि सोबतचे लेखापरीक्षण अहवाल. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. हा अर्ज कुणीही भारतीय नागरिक करू शकतो. नाव पुढे येण्याची तुम्हाला भीती असेल, तर घरातल्या कुणीही केला तरी चालतो.

इथे एक सापळा आहे. निबंधकांकडचं विवरणपत्र ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचं असतं आणि सभेतला अहवाल बहुधा ३१ मार्चचा. दोन्हींतले आकडे जुळणार नाहीत, आणि त्यात लबाडी असेलच असं नाही. हे माहीत नसल्यामुळे ‘सरकारला एक आकडा, आम्हाला दुसरा’ असा गदारोळ होतो आणि तक्रारदार पहिल्याच फटक्यात तोंडघशी पडतात.

निबंधक पुस्तकं मागवू शकतात, तपासू शकतात, नोटीस देऊ शकतात, आणि टोकाला जाऊन नोंदणी रद्द करू शकतात. ते गेलेले पैसे वसूल करून देत नाहीत आणि एखाद्या पदाधिकाऱ्याला काढत नाहीत. म्हणून तक्रारीत नोंदणी रद्द करण्याची मागणी चुकूनही करू नका. नोंदणी गेली तर उद्या तुमच्यासारख्याच एखादीचे थकलेले पैसे मागायला कोण जाणार? मागणी एवढीच ठेवा: पुस्तकं मागवून तपासावीत आणि सभासदाला ती पाहण्याची सोय करून देण्याचे निर्देश द्यावेत. त्यापुढे, संघटनेच्या कारभाराबाबत सभासद आणि संघटना यांच्यातला वाद औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेण्याची सोय नव्या संहितेत आहे. तिथे मात्र कामगार कायद्याचा वकील सोबत हवा. पोलीस अगदी शेवटी, खोट्या बिलाचा कागदी पुरावा हातात असेल तेव्हाच.

या सगळ्याइतकंच महत्त्वाचं काम सभेत आहे, आणि तिथेच लोक तयारीविना जातात. आयत्या वेळच्या विषयांत प्रश्न विचारलात की तो अध्यक्षांच्या मर्जीवर. नियमावलीतल्या मुदतीआधी लेखी ठराव दिलात तर तो विषयपत्रिकेवर घ्यायला भाग पाडता येतं. सभेची सुरुवात मागील इतिवृत्त कायम करण्याने होते. तुमचा प्रश्न त्यात नोंदलेला नसेल तर त्याच क्षणी उठून दुरुस्ती सुचवा. इतिवृत्त एकदा कायम झालं की तुमचा प्रश्न कधी विचारलाच गेला नव्हता, असा त्याचा अर्थ होतो.

ठराव कसला मांडावा? अमेरिकेत १९५९ च्या कायद्यानुसार वर्षाला अडीच लाख डॉलर किंवा त्याहून जास्त जमा असलेल्या संघटनेला वर्ष संपल्यावर ९० दिवसांत कामगार खात्याकडे सविस्तर विवरण द्यावं लागतं. प्रत्येक पदाधिकाऱ्याला दिलेली रक्कम त्यात नावानिशी असते, ५ हजार डॉलरपासूनच्या मोठ्या खर्चांचे तपशील असतात, आणि ते कुणालाही ऑनलाइन वाचता येतं. तिथल्या नटनट्यांची संघटना ‘सॅग-आफ्ट्रा’ हेच विवरण भरते. आपल्याकडे असं बंधन नाही, पण तुमच्या सर्वसाधारण सभेला ते स्वतःवर घालून घेता येतं. ‘वर्षभरात ५० हजारांहून अधिक रक्कम मिळालेल्या प्रत्येक व्यक्ती व फर्मचे नाव, रक्कम आणि कारण अहवालात छापावे’ हा एक ठराव. ‘एक लाखावरील खर्चाला तीन कोटेशन आणि कार्यकारिणीचा पूर्वमंजुरी ठराव’ हा दुसरा. ‘पदाधिकारी नसलेल्या तीन सभासदांची अंतर्गत तपासणी समिती, दर तीन महिन्यांनी’ हा तिसरा. यात मागच्या कुणावर आरोप नाही. त्यामुळे काठावरचे सभासदही हात वर करतात, आणि कार्यकारिणीतले सरळ लोक तर मनातून खूश होतात.

कामं बंद होण्याची भीती मी हलक्यात घेत नाही. सेटवर फोन कुणाचा येतो आणि कुणाचा थांबतो, याची लेखी कारणं कधीच नसतात. एवढं जाणून असा की सभासदांनाच काम द्या अशी संघटनांनी निर्मात्यांवर केलेली सक्ती भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये, निर्माते विपुल शहा यांच्या तक्रारीवर, बेकायदा ठरवून थांबवायला सांगितली आहे. कागदावर तुमची रोजीरोटी कुणाच्या मुठीत नाही. प्रत्यक्षात सावध राहायचं तर एकटीने सही करू नका. पाच-सात जण मिळवा, त्यात आता कमी काम करणारे, सगळ्यांना आदर वाटणारे दोन ज्येष्ठ असू द्या, आणि सह्या आडनावांच्या अकारविल्हे घ्या म्हणजे ‘म्होरक्या कोण’ हे ठरत नाही. मेकअप रूममध्ये हा विषय काढू नका. कलाकारांना कामं मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरकडे तर मुळीच नको.

व्हिडिओबद्दलही हेच. निबंधकांकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या अपवादांत संरक्षण आहे. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ‘खाल्ले’ लिहिण्याला मिळेलच, या भरवशावर राहू नका. एकदा बदनामीची नोटीस आली की पुढचं वर्ष वकिलाच्या फेऱ्यांत जातं आणि ३४ लाखांचा प्रश्न तसाच राहतो.

असाच प्रश्न असलेल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट. आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे हे आधी बघा. पावतीवर किंवा लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असतो. नाट्य आणि चित्रपट क्षेत्रातल्या काही संस्था कामगार संघटना नसून सार्वजनिक न्यास असतात. काही ठिकाणी संघटना एक आणि वैद्यकीय निधीचा न्यास वेगळा, असंही असतं. न्यासासाठी महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो, हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, ताळेबंद अनुसूची ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्च अनुसूची ९ मध्ये असतो. तिथे निबंधकांकडे अर्ज करून काही होत नाही. गोव्यातल्या कलाकार संस्था बहुधा १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असतात, त्यांचं दार आणखी वेगळं. ताई, तुमच्या संघटनेचाही असा जोडन्यास आहे का, हे विचारून घ्या. वैद्यकीय मदतीचे ‘कमी झालेले’ ७ लाख तिकडून दिले गेले असतील. तसं निघालं तर सोबत सह्या करणाऱ्या सभासदांना, त्याच आकड्यांसह तेही सांगा. पुढचा प्रश्न विचाराल तेव्हा लोक तुमचं ऐकतील.

आणि निवडणुकीचा कार्यक्रम कधी लागतो त्यावर लक्ष ठेवा. १९२६ च्या कायद्याखाली कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांहून जास्त असू शकत नव्हती; नव्या संहितेत निवडणूक दर दोन वर्षांनी घ्यायची आहे. मतदार यादी लागली की नाव तपासा, आणि तपासणी समितीचा ठराव मंजूर झाला तर त्या तीन नावांत स्वतःचं नाव द्या. कीर्द-खतावणी वाचता येणारे सभासद अशा समित्यांना हवेच असतात, आणि तोवर तुम्हाला ती वाचता येत असेल.